देवळाली कॅम्प, डूलाली आणि आमच्या पणजोबांची उधारीची वही

भांडुपचा_भाऊ

मंडळी, दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

झालं काय, मागच्या आठवड्यात लंडनच्या टीमबरोबर कॉल चालू होता. तिकडचा एक जण कुणाबद्दल तरी बोलताना म्हणाला की तो माणूस पार डूलाली झालाय. सगळे हसले म्हणून मीही हसलो, कॉलवर आपण हसतोच. मग जेवायच्या सुट्टीत शोधून बघितलं तर डूलाली म्हणजे डोकं फिरलेला, आणि शब्द आला कुठून, तर आपल्या देवळालीवरून! नाशिकजवळची देवळाली, माझ्या आईचं आजोळ. तिकडे इंग्लंडात कुणी वेड्यासारखं वागलं की आमच्या आजोळच्या गावाचं नाव घेतात आणि आम्हाला दीडशे वर्षांत पत्ता नाही.

मूळ शब्दप्रयोग होता 'डूलाली टॅप'. हा टॅप म्हणजे नळ नव्हे, ताप. आपलाच ताप, गोऱ्यांच्या तोंडात जाऊन टॅप झालेला. देवळालीचा ताप!

वाचलं ते थोडक्यात सांगतो. १८६१ साली इंग्रजांनी देवळालीला हा कॅम्प टाकला. विलायतेहून बोटीने मुंबईला उतरलेले गोरे शिपाई आधी इथे आणून ठेवायचे, मग ज्याची पलटण जिथे असेल, पेशावर म्हणा जबलपूर म्हणा, तिकडे रवाना. आणि नोकरीची मुदत संपली की उलटं, पलटण सोडून देवळालीला यायचं आणि घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत बसायचं. पण शिपायांच्या बोटी बारा महिने सुटत नव्हत्या. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात माणसं भाजून निघायची आणि पुढे आपला पावसाळा, त्यामुळे बोटींचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मार्च. ज्याची मुदत एप्रिलात संपली तो बसला सहा महिने. काम धड नाही, घर दिसत नाही, वर ऊन, मलेरिया, दारू आणि बाकीचे नको ते आजार. अशात एखाद्याचं डोकं फिरलं की बाकीचे म्हणायचे, ह्याला देवळालीचा ताप चढला.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यासमोर आमचे पणजोबा आले. ते भगूरचे. भगूर म्हणजे कॅम्पाला अगदी खेटून. तीसचाळीसच्या दशकात ते कॅम्पात चहावाले होते. बराकीबराकीतून पहाटे गरम चहाचं पिंप आणि केकचा पत्र्याचा डबा घेऊन फिरायचं. गोरे चहाला 'चार' म्हणायचे आणि ह्यांना 'चारवाला', त्यामुळे पणजोबा घरी सांगायचे की मी चारला चार घेऊन जातो, हा त्यांचा ठरलेला जोक, आजीने मला निदान पन्नास वेळा सांगितलेला.

चहा रोखीवर कोण पितंय, सगळी उधारी. पगाराच्या दिवशी वसुली. पणजोबांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी वहीत गोऱ्यांना आपली नावं ठेवलेली. लालकेश्या. दाराजवळची खाट. दात पडका. गाणं म्हणणारा. दोन लालकेश्ये आले की थोरला लालकेश्या धाकटा लालकेश्या. आणि महिन्याच्या शेवटी ज्यांची वसुली झाली नाही त्यांच्यापुढे एकच शेरा, 'बोटीला गेला'.

आमच्या घरात अजून हे चालतं. भांडुपला बिल्डिंगमधल्या कुणी पाचशे घेतले आणि दिले नाहीत की आई म्हणते, गेले बोटीला.

तर ह्या कॅम्पाबद्दल, आणि असे जे गोऱ्यांचे तळ आपल्या छोट्या गावांत होते त्यांच्याबद्दल तुम्हाला जे काही माहीत असेल ते लिहा ना. पुस्तकातलं चालेल, घरातलं असेल तर फारच उत्तम.

---

उगाच_आलो

म्हणजे मी रोज ठाण्याला सिग्नलमध्ये पाऊण तास अडकतो तेव्हा मला जे होतं ते डूलाली. बरं झालं नाव कळलं, सिक लीव्हच्या अर्जात लिहीन.

---

मोगरा_७

किती गोड धागा. लालकेश्या धाकटा 😄 ती वही अजून आहे का हो घरी? असेल तर फोटो टाकाच.

---

कसारा_बँकर

भाऊ, धागा आवडला. मी रेल्वेवेडा, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. देवळालीच का, ह्याचं अर्धं उत्तर रुळांत आहे.

१८६१ ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे मुंबईहून कसाऱ्यापर्यंत पोचली आणि त्याच वर्षी घाटावर इगतपुरी ते नाशिक लाइनही सुरू झाली. मधला थळ घाट मात्र बाकी होता, तो १ जानेवारी १८६५ ला उघडला. कॅम्पाचं साल बघा, १८६१. म्हणजे सुरुवातीच्या शिपायांनी घाट कसा चढला असेल ह्याचा विचार करा. ह्या घाटात चढ १:३७ चा आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, आजही कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं लागतात आणि ढकलत वर नेतात. माझा आयडी त्यावरूनच आहे, कसाऱ्यात कुठली बँक आहे असं विचारू नका, तीन जणांनी विचारून झालंय.

तर घाट चढून गेलं की हवा एकदम बदलते. मुंबईत तेव्हा कॉलरा आणि हिवताप, नुकते उतरलेले कोवळे पोरगे शहरात ठेवले की पटापट मरायचे, आणि पलटणी आधीच कुलाब्याला दाटीवाटीने. देवळालीला सपाट माळ, कोरडी हवा, जवळ दारणा नदी आणि दारात रेल्वे. बंदरातून स्पेशल गाडीत बसवा, घाटावर नेऊन सोडा, बोट लागली की परत खाली आणा. पुढे १८६९ ला सुएझ उघडला आणि ही ये-जा अजूनच सोपी झाली. सेरापिस, क्रोकोडाइल, मलबार, जमना, युफ्रेटिस अशा पाच बोटी खास ह्याच कामाला होत्या, पोर्ट्समथ ते मुंबई. एका बोटीचं नाव चक्क मगर. घरी जायला निघालेल्याला मगर न्यायला येणार!

१९१४ ला अलेक्झांड्रा डॉक झालं, आजचं इंदिरा डॉक, त्यानंतर बॅलार्ड पिअरवर बोटीला लागूनच गाडी उभी राहायची. आता तिथून आपण फक्त ट्रॅफिक बघत जातो.

---

जुनी_नाणी

चांगली सुरुवात. काही दुरुस्त्या आणि भर.

एक, नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की देवळालीला गोऱ्यांसाठी मोठं वेड्यांचं हॉस्पिटल होतं म्हणून हा शब्द आला. ही उलटी गंगा आहे. देवळाली ही वाटेवरची धर्मशाळा. ज्यांचं मानसिक संतुलन खरोखर बिघडलं त्यांनाही घरी पाठवताना बोटीसाठी ह्याच वाटेने यावं लागे, आणि तिकडे पोचल्यावर नेटलीच्या लष्करी हॉस्पिटलात त्यांच्यासाठी वेगळा विभाग होता. म्हणजे वेडे इथून जात, आणि शहाणे इथे बसून वेडे होत, दोन्हीचं खापर गावाच्या नावावर फुटलं.

दुसरं, हा शब्द एकटा गेला नाही. टॉमी लोकांनी, म्हणजे गोऱ्या शिपायांनी, आपल्याकडून बरंच उचललं. विलायतीचं ब्लायटी, म्हणजे त्यांचं घर. खुशचं कुशी, म्हणजे आरामाची नोकरी. चिठ्ठीचं चिट, देखोचं डेक्को. पण ह्या सगळ्यांत गावाचं नाव एकट्या देवळालीचं गेलं, आणि तेही असं!

तिसरं, ह्या कॅम्पात फक्त वाट बघणारे शिपाई नव्हते. दोन्ही महायुद्धांत इथे कैदीही ठेवले. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक आधी अहमदनगरच्या कॅम्पात डांबले, मग देवळालीमार्गे देहरादूनला नेले. त्यात हाइनरिक हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक होता. नंगा पर्वतची मोहीम आटोपून कराचीत बोटीची वाट बघत होता, तेवढ्यात युद्ध सुरू झालं आणि उचलला. हाच पुढे एप्रिल १९४४ मध्ये देहरादूनहून पळाला, डोंगर ओलांडून तिबेटात गेला आणि दलाई लामांचा स्नेही झाला.

आणि अमेरिकनसुद्धा. ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदरात सुमारे ३,००० अमेरिकन सैनिक उतरले, त्यांना आधी देवळालीलाच आणलं. तिथून ललितपूरकडच्या देवगढला ट्रेनिंग, आणि पुढच्या फेब्रुवारीत पायी ब्रह्मदेशच्या जंगलात. इतिहासात ह्यांना मेरिल्स मरॉडर्स म्हणतात. मे १९४४ मध्ये त्यांनी चिनी तुकड्यांबरोबर मिचिनाची धावपट्टी घेतली, पण तोवर रोग आणि उपासमारीने त्यांच्यातले धड उभे राहतील असे मोजकेच उरले होते. भाऊ, तुमच्या पणजोबांच्या वहीत एखादा 'नाकातून बोलणारा' असेल तर तो अमेरिकन समजा.

---

निवृत्त_नाना

जुनी_नाणी, भर उत्तम. पण धाग्यात 'परदेशी तळ' असा सूर आहे त्याबद्दल माझा एक प्रश्न आहे. परदेशी तळ म्हणजे एका देशात दुसऱ्या देशाने करार करून ठेवलेलं सैन्य. देवळालीला तर राज्यच त्यांचं होतं. मग घरमालकाच्या खोलीला परक्याचा तळ कसं म्हणायचं?

---

शालूची_आई

नाना, घरमालक? 🙂 तो भाडेकरूही नव्हता हो, घुसलेला होता.

माझा जन्म नाशिकरोडचा, बालपण देवळाली कॅम्पात काकांकडे, आता लग्न होऊन डोंबिवलीत. आधी एक सगळ्यांना सांगून ठेवते, देवळाली गाव वेगळं, देवळाली कॅम्प वेगळा, आणि देवळाली प्रवरा तर पार अहिल्यानगर, म्हणजे आधीच्या अहमदनगर, जिल्ह्यात. आमच्या एका पाहुण्यांनी मॅपवर नुसतं देवळाली टाकलं आणि राहुरीच्या पुढे जाऊन फोन केला की इथे तर ऊसच ऊस दिसतोय.

कॅम्पात वाढलेल्या मुलाला इंग्रज जाऊन पन्नास वर्षं झाली असं वाटायचंच नाही. रस्त्यांची नावं बघा, लाम रोड, हौसन रोड, रेस्ट कॅम्प रोड. रेस्ट कॅम्प रोडचा अर्थ मला भाऊंचा धागा वाचून आज कळला, लहानपणी आम्ही समजायचो की तिथे सगळे दुपारी झोपतात. खरं म्हणजे झोपायचेच, एक ते चार दुकानं बंद.

टेंपल हिलवर खंडोबाचं देऊळ आहे, म्हणजे टेकडीचं नाव इंग्रजी आणि देव आपला. तिथून बहुल्याच्या डोंगराकडे तोफांचा सराव चालायचा, अजून चालतो. फायरिंग असलं की घराच्या काचा थरथरायच्या आणि काकू शांतपणे कपाटातल्या बरण्या मागे सरकवायची. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. तोफांच्या आवाजात पाढे पाठ केलेत मी, त्यामुळे आत्ताही नवरात्रात खाली फटाके वाजले तरी माझी झोप मोडत नाही, नवरा म्हणतो तू बहिरी आहेस.

बंगले मोठमोठे, उतरत्या कौलांचे, पुढे व्हरांडा. पण जमीन बंगलेवाल्याची नाही हं, ती सरकारची, ह्याला ओल्ड ग्रँट म्हणतात, १८३६ च्या कुठल्याशा हुकमापासून. बांधकाम तुमचं, खालची माती सरकारची. काकांच्या घरी एक भिंत पाडून खिडकी काढायची होती तर परवानगीसाठी जे हेलपाटे घातले त्यात खिडकीची हौसच गेली.

आणि मुंबईचं नातं म्हणाल तर निम्मा कॅम्प मुंबईकरांचाच. पारशी, गुजराती, बोहरी, जैन, सगळ्यांची सॅनटोरियमं. हवापालट करायला यायचे. बार्न्स शाळा तर भायखळ्याहून उचलून १९२५ ला देवळालीला नेली. गोऱ्यांना जिथली हवा वेड लावायची तीच हवा मुंबईचे शेठ पैसे देऊन खायला यायचे!

---

उगाच_आलो

शेवटच्या वाक्याला टाळ्या. फरक हवेत नाही, परतीच्या तिकिटात आहे. शेठजींना पंचवटीने सोमवारी परत यायचं माहीत होतं.

---

पारनाका

मी कल्याणचा. देवळालीचा भाऊ आमच्या शेजारी आहे आणि त्याला कुणी विचारत नाही म्हणून लिहितो.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणजवळ असाच एक ट्रान्झिट कॅम्प उभा केला. २,००० च्या वर बराकी. युद्ध संपलं, गोरे गेले, बराकी ओस. आणि फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांना सरकारने तिथेच आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून नाव ठेवलं उल्हासनगर. होय, तेच, जिथून तुम्ही जीन्स आणि फर्निचर आणता.

आजही रिक्षावाल्याला उल्हासनगरला चल म्हटलं की तो विचारतो कॅम्प कितवा. एक ते पाच. सत्तरऐंशी वर्षं झाली, शिपाई येऊन गेल्याचं कुणाच्या लक्षात नाही पण पत्ता अजून लष्करी. माझा एक सिंधी मित्र आहे कॅम्प चारचा, त्याची आजी सांगायची की एका लांब बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबं राहिली, पलीकडच्या घरात फोडणीला काय पडलं ते वासावरून कळायचं. कराचीत स्वतःचं दुमजली घर असलेली बाई. ती पण वाटच बघत होती सुरुवातीला, परत जायची. तिची बोट आली नाही.

त्याच्या अगदी जवळ नेवाळी. तिथे युद्धात विमानांसाठी धावपट्टी केली, शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन. शेतकऱ्यांचं म्हणणं असं की युद्धापुरती घेतली होती, संपल्यावर परत द्यायची होती. ती जमीन पुढे संरक्षण खात्याकडेच राहिली आणि नौदलाने कुंपण घालायला घेतलं तेव्हा जून २०१७ मध्ये मोठं आंदोलन पेटलं, गाड्या जाळल्या, पोलिसांनी छर्रे मारले. त्या दिवशी मी मलंगगड रोडला अडकलो होतो. नानांना उत्तर म्हणून सांगतो, तळ परदेशी होता की नाही हे ज्याची जमीन गेली त्याला विचारा. त्याच्यासाठी सैन्य बदललं, कुंपण तेच आहे.

---

निवृत्त_नाना

पारनाका, मुद्दा पोचला. शब्द मागे घेतो, म्हणजे अर्धा.

पण एक सांगतो. भगूरचा उल्लेख आला आणि कुणीच सावरकरांचं नाव घेतलं नाही ह्याचं आश्चर्य वाटलं. २८ मे १८८३, जन्म भगूर. म्हणजे ज्या गावाच्या वेशीवर गोरे शिपाई घरच्या आठवणीने झुरत होते त्याच गावात हा मुलगा वाढत होता. आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा एवढी मोठी छावणी हाकेच्या अंतरावर होती. हजारो बंदुका शेजारी असून उपयोग शून्य. ह्या विषयावर खरं तर...

---

व्यवस्थापक

'खरं तर' च्या पुढचा मजकूर आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. सावरकरांवर ह्या साइटवर एकोणीस धागे आहेत, तिथे जा. इथे कॅम्प.

---

उगाच_आलो

अकरा! मी चहा करायला गेलो तेवढ्यात मिस झालं सगळं.

---

कसारा_बँकर

भाऊ, मूळ मुद्द्यावर येतो, वाट बघण्याच्या. दुसरं महायुद्ध संपल्यावर हे प्रकरण हाताबाहेर गेलं. आता बोटींचा मोसम वगैरे कारण नव्हतं, बोटीच पुरत नव्हत्या, आणि लाखो माणसं घरी जायची होती. 'पायथन' नावाची योजना होती, परदेशात ठरावीक वर्षं काढली की घरी पाठवायचं. नाव अजगराचं, चालही अजगराचीच. देवळालीला ह्या परतणाऱ्यांसाठी वेगळा डेपो होता.

शेवटी जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळ ड्रिग रोडला रॉयल एअर फोर्सच्या गोऱ्या पोरांनीच संप केला, आम्हाला घरी पाठवा म्हणून. तो संप हिंदुस्थानभर आणि थेट सिंगापूरपर्यंत पसरला. पुढच्याच महिन्यात १८ फेब्रुवारीला आपल्या मुंबईत 'तलवार' ह्या नौदलाच्या तळावर नौसैनिकांनी बंड केलं. त्यांची कारणं वेगळी आणि मोठी, जेवण, वागणूक, स्वातंत्र्य. पण गोऱ्यांनी काम बंद केलं तर त्यांच्याशी बोलणी होतात हे महिनाभर आधी सगळ्यांनी पाहिलं होतं. साम्राज्य मोडायला निघालं तेव्हा त्यांचेच शिपाई बॅग भरून दारात उभे होते, हे मला फार मजेशीर वाटतं.

शेवटचे गोरे सैनिक गेले २८ फेब्रुवारी १९४८ ला, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून चालत. गेटवेला फोटो काढणाऱ्यांनी एकदा तरी ह्याची आठवण काढावी.

---

जुनी_नाणी

कॅम्पाचं पुढे काय झालं ते राहिलं. जागा भारतीय सेनेकडे आली. तोफखान्याची शाळा, जी आधी आजच्या पाकिस्तानातल्या काकूलला होती, ती आता देवळालीला आहे, आणि तोफखान्याचं संग्रहालयही. कारगिलमध्ये ज्या बोफोर्स गाजल्या त्यांच्या गोलंदाजांची शाळा हीच. म्हणजे ज्या गावाचं नाव रिकामटेकडेपणामुळे बदनाम झालं तिथे आता अख्ख्या सेनेत सगळ्यात जास्त आवाज असतो.

बीबीसीने सत्तरच्या दशकात ह्याच कॅम्पावर एक विनोदी मालिका काढली होती, १९७४ ते १९८१. तिच्या दोन लेखकांपैकी एक जण तरुणपणी खरंच देवळालीला तोफखान्यात होता. आज ती बघवत नाही, आपली माणसं त्यात फक्त पंखा ओढायला आणि मान डोलवायला आहेत. चहावाला आहे त्यात, भाऊ. पण त्याच्या वहीत काय लिहिलंय ते कुणाला सुचलं नाही.

---

शालूची_आई

हो आणि ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल देवळालीहूनच सुटली, बिहारच्या दानापूरला, भाज्या आणि फळं घेऊन. त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी लिहिलं, ज्या स्टेशनवर माणसं सहा महिने थांबायची तिथे टोमॅटो एक दिवस थांबत नाहीत.

---

भांडुपचा_भाऊ

बापरे, चार दिवस ऑफिसच्या गडबडीत आलो नाही तर केवढं लिहिलंत! सगळ्यांचे आभार. कसारा_बँकर, तुमचे प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवले, ती म्हणाली हा माणूस कुणीतरी मोठा असणार, मी म्हटलं नाही, कसाऱ्याच्या बँकेत आहे.

रविवारी नाशिकरोडला मावशीआजीला फोन केला. माझ्या आजीची धाकटी बहीण, वय अठ्ठ्याऐंशी, कान गेलेत पण स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी. तिला विचारलं, गोरे खरंच वेडे व्हायचे का गं? ती म्हणाली वेडे कसले, पोरं होती ती. वीसबावीसची. संध्याकाळ झाली की व्हरांड्यात बसायची आणि रडायची, दादा सांगायचे. पणजोबांना त्या दोघी दादा म्हणायच्या.

मग तिने एक सांगितलं जे मला आजीने कधीच सांगितलं नव्हतं. एका गोऱ्याची उधारी फार वाढली होती, वहीत त्याचं नाव 'बाईचा फोटो', कारण खाटेखाली कुणाचा तरी फोटो ठेवायचा. त्याची बोट ठरली तेव्हा द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने पणजोबांना बूट दिले. लष्करी, खिळ्यांचे, नवेकोरे. पणजोबांच्या पायाला ते दोन बोटं मोठे. तर त्यांनी पुढे कापडाच्या चिंध्या कोंबून ते बूट घातले, बारा वर्षं. मावशीआजीच्या लग्नात फोटोत सगळे धोतर नेसून अनवाणी किंवा चपलेत, आणि मध्ये पणजोबा धोतरावर लष्करी बूट घालून उभे. त्याच्या पुढे 'बोटीला गेला' लिहिलं का, असं मी विचारलं, तर म्हणाली छे, त्याचं खातं फिटलं होतं ना.

आणि पणजोबांचं १९४७ नंतर काय झालं हेही कळलं. गोरे गेले तेव्हा घरात महिनाभर सुतकासारखं होतं म्हणे. स्वातंत्र्याचा आनंद वेगळा आणि धंदा बसला ते वेगळं. झेंडावंदनाला पणजोबा गेले, लाडू खाल्ला, आणि घरी येऊन पिंप घासत बसले. दोन वर्षं फरफट झाली, मग आपल्याच जवानांना चहा द्यायला लागले. हे सगळे रोख द्यायचे आणि नावाने हाक मारायचे, त्यामुळे वही लागली नाही.

---

पारनाका

बुटाचं वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

---

निवृत्त_नाना

भाऊ, छान लिहिलंत. लाडू आणि पिंप दोन्ही खरं.

---

मोगरा_७

मी पहिल्या दिवसापासून विचारतेय हो. वहीचा फोटो? आणि तो लग्नातला पण.

---

जुनी_नाणी

मोगरा_७ ना अनुमोदन. भाऊ, मनावर घ्या. ही गंमत म्हणून नाही, गोऱ्यांच्या आठवणींची पुस्तकं ढिगाने आहेत पण त्यांच्याकडे बघून चहावाल्याने केलेली नोंद मी तरी आजवर पाहिलेली नाही. पान न् पान स्कॅन करा. लागलं तर मी भांडुपला येऊन करून देतो, स्कॅनर माझा.

---

भांडुपचा_भाऊ

लग्नातला फोटो मामेभाऊ पाठवतोय, आला की टाकतो.

वहीसाठी मी काल त्यालाच फोन केला, कारण ती भगूरच्या घरात ट्रंकेत होती हे मला पक्कं आठवत होतं. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला की आठ वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, कॅम्पाच्या इतिहासावर काहीतरी लिहितोय म्हणाले, चहा प्यायले, फार गोड बोलले, आणि आठ दिवसांत परत आणून देतो म्हणून वही घेऊन गेले. नाव? आठवत नाही. नंबर? त्या जुन्या फोनमध्ये होता. मी म्हटलं अरे कसे होते दिसायला तरी सांग, तर म्हणतो चष्मा, आणि केस मेंदी लावून लाल केलेले.